उत्तर द्यावे, उट्टे काढू नये

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका ज्येष्ठ वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजच्या मेळाव्यात मी कोणत्या विषयावर बोलणार, असे चिटणीसांनी मला विचारले तेव्हा मी "जुने तंटे" असे उत्तर दिले. त्यांना थोडे नवल वाटले. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर कोर्टकचेरीचे काय काम, असे त्यांच्या मनात आले असावे. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरी दोन दप्तरे असतात. एक मुलाचे, पुस्तकांचे. दुसरे कपाटाच्या वरच्या फळीवर, कापडात बांधलेले, कोर्टाच्या कागदांचे. पहिल्या दप्तरावर खर्च करावयाची वेळ आली की आपण हात आखडतो आणि दुसऱ्यासाठी मात्र कर्ज काढतो. म्हणून या दुसऱ्या दप्तराविषयी येथे बोलणे गैर होणार नाही, असे मला वाटते.

मी वकील आहे. दावे लावण्यावर माझी उपजीविका झाली. तेव्हा कोर्टात जाऊच नका, असा उपदेश मी करणार नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये अशी म्हण आहे. ती अर्धीच खरी आहे. ज्याचा हक्क बुडतो आहे, त्याने ती पायरी जरूर चढावी. तिच्यासाठीच राज्यघटनेने न्यायालये दिली आहेत. मला सांगावयाचे आहे ते निराळे. जुन्या तंट्यात समोरच्याने नवा दावा, नवा अर्ज, नवी फिर्याद केली की आपल्या मनात पहिला विचार येतो, "आता मीही एक ठोकतो." हा जो ठोकण्याचा विचार आहे, तो टाळावा एवढेच माझे आजचे सांगणे आहे. उत्तर द्यावे, उट्टे काढू नये.

प्रथम तंटा वाढतो कसा ते पाहू. मूळ गोष्ट बहुधा लहान असते. गडग्याची जागा, विहिरीवर जाण्याची वाट, वडिलांच्या घरातील एक खोली, आगरातील नारळांचे उत्पन्न, सातबाऱ्यावर न लागलेले एखादे नाव. वडील वारतात. एक भाऊ मुंबईस, एक आखातात, एक गावी. गावी राहणारा बाग राखतो, शिंपणे करतो, कलमांना खत घालतो. त्याला वाटते, कष्ट माझे म्हणून वाटा मोठा माझा. बाहेर असलेल्याला वाटते, पैसे मी पाठविले, घराचे छप्पर माझ्या पैशांनी झाले. आणि बहिणींना तर कोणी विचारतच नाही. यातून पहिला दावा होतो. त्या दाव्यात एक खराखुरा प्रश्न असतो: कोणाचा वाटा किती, वाट कोणाची, ताबा कोणाचा. या प्रश्नाला न्यायालय उत्तर देऊ शकते.

परंतु दाव्यापाठोपाठ मनाई हुकुमाचा अर्ज येतो. मनाई हुकूम मोडला म्हणून दुसरा अर्ज येतो. मोजणीच्या दिवशी बोलाचाली होते, शिवीगाळ होते, मग पोलिसांत तक्रार. तिला तोंड म्हणून उलट तक्रार. त्यानंतर अब्रुनुकसानीचा दावा. मग समोरच्याने पडवी विनापरवाना बांधली म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज. त्याचा मुलगा सरकारी नोकरीत असेल तर त्याच्या खात्याकडे निनावी पत्र. पहिल्या दाव्यात प्रश्न असतो. चौथ्या दाव्यात केवळ राग असतो. रागाला न्यायालयाजवळ उत्तर नाही. न्यायाधीश वाटा ठरवू शकतात, वाट ठरवू शकतात. समोरच्याने आपल्यापुढे मान खाली घालावी, असा हुकूम ते देऊ शकत नाहीत. आणि आपल्याला हवा असतो तो नेमका तोच हुकूम.

आता उत्तर आणि उट्टे यांतील फरक नीट समजून घ्यावा, कारण येथे गैरसमज झाला तर माझ्या बोलण्याने कोणाचे नुकसान व्हावयाचे. कोर्टाचे समन्स आले आणि "वकीलसाहेबांनी भांडू नका म्हणून सांगितले" असे म्हणून आपण घरी बसलात, तर तो क्षमाशीलपणा नव्हे, तो निष्काळजीपणा होय. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे दाव्याची कैफियत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावयाची असते. कारण दाखविल्यास न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. हजर न राहिल्यास निकाल एकतर्फी होतो. जिल्हा न्यायालयात अपील करावयाचे तर मुदत ३० दिवसांची आहे, उच्च न्यायालयात ९० दिवसांची. या मुदती पाळल्याच पाहिजेत. कैफियत द्या, कागद हजर करा, साक्ष द्या. हे सर्व उत्तर होय. आपला हक्क ज्यावर उभा आहे ते सोडू नका.

उट्टे कोणते, हे ओळखण्यासाठी मी पक्षकारांना तीन प्रश्न विचारीत असे. पहिला, हा नवा दावा लावला नाही तर आपला कोणता हक्क बुडेल? दुसरा, हा दावा जिंकलात तर आपल्या हाती नेमके काय येईल? तिसरा, समोरच्याने गेल्या महिन्यात जे केले ते केले नसते, तर आपण आज हा दावा लावला असता काय? पहिल्याचे उत्तर "कोणताही नाही", दुसऱ्याचे "त्याला धडा मिळेल" आणि तिसऱ्याचे "नाही" असे आले, तर ते उट्टे आहे असे खुशाल समजावे. त्यासाठी वकीलपत्रावर सही करू नये.

पालकहो, या उट्ट्याची किंमत कोण देतो याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च, तालुक्याला जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेली रोजी, हे तर दिसते. न दिसणारा खर्च यापेक्षा मोठा आहे. दावा चालू असलेली जमीन नीट विकता येत नाही, कारण दाव्याच्या निकालाने घेणाराही बांधला जातो. म्हणून शहाणे गिऱ्हाईक फिरकत नाही. बँक अशा जमिनीवर कर्ज देताना मागेपुढे पाहते. कलमे म्हातारी होतात, नवी लावण्यास कोणी धजत नाही, कारण उद्या वाटणीत ती कोणाकडे जातील याचा भरवसा नसतो. अशा रीतीने ज्या बागेसाठी भांडण, ती बागच भांडणात ओसाड पडते.

त्याहूनही गंभीर गोष्ट सांगतो. माणूस मेला म्हणून दावा मरत नाही. मालमत्तेच्या दाव्यात वादी किंवा प्रतिवादी वारला तर त्याच्या वारसांना रेकॉर्डवर आणावयाचे असते व त्यासाठी ९० दिवसांची मुदत आहे. म्हणजे वडिलांच्या मागे मुलाला जशी जमीन मिळते, तसा दावाही मिळतो. ज्या मुलाने तो गडगा बांधताना पाहिला नाही, ज्याने ती शिवी ऐकली नाही, तो वीस वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि आजोबांच्या रागाची उलटतपासणी देतो. आपण मुलांसाठी काय ठेवून जाणार, हा प्रश्न प्रत्येक बापाने स्वतःला विचारावा. त्या यादीत दाव्याचा नंबरही येतो, हे ध्यानात असावे.

माझ्या वकिलीतील एक प्रकरण सांगतो. गावाचे व माणसांचे नाव सांगत नाही. खाडीकाठचे एक गाव. दोन चुलत घराणी. वाद एका आगराचा आणि विहिरीच्या वाटेचा. दावा आजोबांच्या काळी सुरू झालेला. मधल्या काळात दोन्ही बाजूंनी मिळून इतके अर्ज झाले होते, की मूळ दाव्याची फाईल त्यांच्याखाली शोधावी लागे. माझे पक्षकार सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. एके दिवशी ते आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, त्यांचा नातू आखातात चाललाय. आयटीआय झालाय, नोकरीचं पत्र आलंय, पासपोर्ट तेवढा यायचाय. त्याच्या नावानं मारहाणीची एक फिर्याद टाकून द्या."

मी विचारले, "त्या मुलाने काय केले?"

"त्यानं काही नाही केलं. पण त्यांनी माझ्या मुलाला बारा वर्षं तारखांना फिरवला. आता त्यांनाही कळू दे."

मी त्यांना म्हणालो, "हे जे आपण मला आत्ता सांगितलेत, तेच उद्या साक्षीत सांगावे लागेल. खोटे माहीत असून कोणाला गुन्ह्यात गोवणे हाच एक गुन्हा आहे. पूर्वीच्या दंड संहितेत तो होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. मी अशी फिर्याद लिहिणार नाही. पण ते राहू द्या. आपला नातू कितवीत आहे?"

"बारावीला."

"त्याचा पासपोर्ट केव्हा काढावयाचा?"

ते काही बोलले नाहीत. रागावून उठले. "कागद परत द्या," म्हणाले. मी कागद बांधून दिले. दुसरा वकील नेमण्यास माझी हरकत नाही, असेही लिहून दिले. दीड महिन्याने ते परत आले, कागद तसेच बांधलेले. खुर्चीवर बसून एवढेच म्हणाले, "काय करता येईल ते सांगा."

पुढे आठ-नऊ महिने बैठका झाल्या. कधी माझ्या कचेरीत, कधी समोरच्या वकिलांच्या, एकदा गावात विहिरीवर. शेवटी चार फुटांची वाट ठरली, विहिरीचे पाणी दोघांचे ठरले, गडगा होता तेथेच राहिला. दोन्ही घराण्यांतील बहिणींचे वाटे इतकी वर्षे कोणी मोजलेच नव्हते. ते मोजून रकमेच्या रूपाने देण्याचे ठरले. इतर सर्व अर्ज दोघांनी काढून घेतले. खर्च ज्याचा त्याने सोसावयाचा. सह्या झाल्यावर ते गृहस्थ मला म्हणाले, "जिंकल्यासारखं काही वाटत नाही हो." मी म्हणालो, "समोर विचारून या, त्यांनाही वाटत नसेल." त्या दोन घरांत आज फार मोठा घरोबा झाला आहे, असे मी म्हणणार नाही. पण ती वाट वापरात आहे, आणि ते दोन्ही मुलगे नोकरीला लागले.

विद्यार्थी मित्रांनो, पासपोर्टची गोष्ट निघाली आहे तर ती तुमच्यासाठी थोडी सविस्तर सांगतो. आपल्याकडील पुष्कळ तरुणांच्या पोटापाण्याचा रस्ता समुद्रापलीकडे जातो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यातील कलम ६ प्रमाणे अर्जदारावर भारतातील फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मिळालेला पासपोर्ट त्याच कारणासाठी जप्तही होऊ शकतो. केवळ तक्रार झाली म्हणून असे होत नाही. प्रकरण न्यायालयापुढे गेले की ही अडचण उभी राहते. १९९३ सालच्या एका अधिसूचनेप्रमाणे खटला चालविणाऱ्या न्यायालयाची परवानगी आणल्यास ठराविक मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. परंतु अर्ज, सुनावणी, परवानगी यांत जो काळ जातो, तोवर नोकरीचे पत्र थांबत नाही. गडग्याच्या भांडणात काका-पुतण्यांच्या मधे जाऊन हात उगारण्यापूर्वी एवढे आठवावे. वडील मंडळींनीही फिर्यादीत समोरच्या घरातील झाडून सगळ्या पोरांची नावे घालण्यापूर्वी हे आठवावे, कारण उलट फिर्यादीत आपल्याही पोरांची नावे येतात.

आता इतिहासातील एक उदाहरण देतो. ते एका वकिलाचेच आहे आणि दोन मुसलमान व्यापाऱ्यांच्या दाव्याचे आहे. १८९३ साली पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने एका तरुण बॅरिस्टरला एका वर्षाच्या करारावर दक्षिण आफ्रिकेस बोलाविले. त्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. वय २३. जाण्यायेण्याचे पहिल्या वर्गाचे भाडे आणि १०५ पौंड एवढा त्याचा मेहनताना. दावा प्रिटोरियात चालला होता, तय्यब शेठ यांच्याविरुद्ध. रक्कम ४०,००० पौंड. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. वादी आणि प्रतिवादी हे परके नव्हते. एका गावचे, नात्यातले. दावा व्यापारी हुंड्या आणि हिशेब यांचा होता. गांधींना जमाखर्च येत नव्हता. त्यांनी पुस्तक आणून तो विषय शिकून घेतला आणि मग कागद वाचले.

कागद वाचल्यावर त्यांच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक, आपल्या अशिलाची बाजू बळकट आहे. दुसरी, दावा असाच चालला तर जिंकणारा आणि हरणारा दोघेही बुडतील, कारण दोन्हीकडच्या वकिलांचा खर्च दिवसेंदिवस वाढत होता व दोघांचेही लक्ष धंद्यातून उडाले होते. ज्याची बाजू लंगडी आहे त्याने तडजोड मागावी यात विशेष काही नाही. येथे ज्याची बाजू बळकट होती त्याचा वकील तडजोडीसाठी दोन्ही दारी खेटे घालू लागला. त्याने तय्यब शेठना भेटून लवाद नेमावयास राजी केले. लवादापुढे प्रकरण चालले आणि निकाल दादा अब्दुल्ला यांच्या बाजूने लागला.

पुष्कळ जण ही गोष्ट येथेच संपवितात. माझ्या मते खरी गोष्ट येथून पुढे आहे. निवाड्याप्रमाणे तय्यब शेठना सुमारे ३७,००० पौंड आणि खर्च द्यावयाचा होता. एवढी रक्कम एकदम देणे त्यांना अशक्य होते. त्यांना एक पैही बुडवावयाची नव्हती. पण एकदम मागितली तर दिवाळे निघणार होते, आणि तेथील पोरबंदरच्या मेमण व्यापाऱ्यांत दिवाळ्यापेक्षा मरण बरे अशी समजूत होती. दादा अब्दुल्ला यांच्या हाती निवाडा होता. मनात आणले असते तर त्यांना आपल्या नातलगाला बाजारातून उठविता आले असते. गांधींनी त्यांना दीर्घ मुदतीचे हप्ते बांधून देण्यास सांगितले. लवाद मान्य करविण्यापेक्षा हे हप्ते मान्य करविणे अधिक कठीण गेले, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. शेवटी दादा अब्दुल्ला यांनी ते मानले. त्यांचे पैसे बुडाले नाहीत, तय्यब शेठची पत गेली नाही आणि लोकांत दोघांचाही मान वाढला. बंधुहो, हरलेल्याने नमते घेणे सोपे आहे. निवाडा हाती असताना हात आवरणे, हे खरे अवघड काम आहे, आणि ते एका व्यापाऱ्याने करून दाखविले.

यावर कोणी म्हणेल, "वकीलसाहेब, समोरचा दादा अब्दुल्लासारखा नसेल तर? आम्ही गप्प बसावे आणि त्याने घर गिळावे काय?" मुळीच नाही. काही वेळा कोर्टात गेलेच पाहिजे आणि लवकर गेले पाहिजे. जबरदस्तीने ताब्यातून काढले असेल तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत दावा लावून, मालकी कोणाची या वादात न शिरता, ताबा परत मागता येतो. ती मुदत शांततेच्या नावाखाली दवडू नये. मालकी हक्कावरून ताबा मागण्यासही साधारणपणे १२ वर्षांची मर्यादा आहे. मारहाण झाली, जिवाला धोका आहे, घरातील स्त्रीवर अत्याचार होतो आहे, तर पोलिसांकडे जाणे हे उट्टे नव्हे, ते संरक्षण होय. बहिणीचा वाटा भावांनी दाबला असेल, तर "घरातले घरात ठेव" असे तिला सांगणे म्हणजे सुलह नव्हे. ती दंडेली होय. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यांचे उत्पन्न कितीही असो. हे प्रत्येक मुलीला माहीत असले पाहिजे.

मग जुना तंटा मिटवावयाचा कसा? त्याची कायदेशीर वाट आहे आणि ती चांगली रुंद आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून लागू आहे. त्याप्रमाणे न्यायालय वाद लवादाकडे, मध्यस्थीकडे किंवा लोकअदालतीकडे पाठवू शकते. भाऊबंदांचे, शेजाऱ्यांचे, वाटणीचे वाद अशा मार्गाने मिटविण्यास योग्य आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालच्या एका निकालात सांगितले आहे. २०२३ साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही केला. लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची ताकद असते, त्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. नेहमीच्या न्यायालयातही तडजोड पुरसीस दाखल करून तीप्रमाणे हुकूमनामा घेता येतो.

मात्र तडजोड करताना चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, ती लेखी असावी आणि न्यायालयात दाखल व्हावी. मशिदीच्या ओट्यावर किंवा जमातीच्या बैठकीत हातात हात दिला ही चांगली सुरुवात आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. ज्यांनी हात दिले ते आज ना उद्या जातात. दुसरी, हक्कदार असलेल्या प्रत्येकाची सही असावी. बहिणींना वगळून केलेली तडजोड त्यांना बांधत नाही आणि पुढे तीच नव्या दाव्याचे बीज होते. कोणी वारस अज्ञान असेल तर त्याच्या वतीने तडजोड करण्यास न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. तिसरी, मोघम शब्द टाळावेत. "वाट द्यावी" असे न लिहिता किती फुटांची, कोठून कोठवर, बैलगाडी-रिक्षा जाईल की पायी, पावसाळ्यात डागडुजी कोण करील, हे लिहावे. नकाशा जोडावा. चौथी, एकमेकांवरच्या सगळ्या प्रकरणांची यादी करून ती सर्व मिटवावीत. एक ठिणगी मागे ठेवू नये. फौजदारी प्रकरणांपैकी किरकोळ दुखापत, अब्रुनुकसानी यांसारखे काही गुन्हे भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ प्रमाणे तक्रारदारास मिटविता येतात. काहींना न्यायालयाची परवानगी लागते आणि गंभीर गुन्हे मिटविता येत नाहीत. त्याबाबत आपल्या वकिलास आधी विचारावे.

आणि तडजोडीचा पहिला शब्द कोणी काढावयाचा? "मी का आधी जाऊ? लोक म्हणतील घाबरला," हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले तितके दुसरे कोणतेही ऐकले नसेल. बंधुहो, लोक दोन दिवस बोलतात. तारीख वर्षानुवर्षे चालते. आपणांस जाणे अवघड वाटत असेल तर वकिलांना पाठवा. दोन वकिलांनी चहा घेताना जे बोलता येते, ते दोन भावांना वीस वर्षांत बोलता आलेले नसते. आपला वकील असा निरोप नेण्यास तयार नसेल आणि दर वेळी नवा दावाच सुचवीत असेल, तर आपण त्याला विचारावे, "साहेब, यातून बाहेर पडण्याची तारीख कोणती?"

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्याशी दोन शब्द. तुमच्यातील काही जण वकील होतील. पुष्कळ जण होणार नाहीत, पण घरातील ते जुने दप्तर आज ना उद्या तुमच्या हाती येणारच आहे. ते मोडी-इंग्रजी-मराठी कागद वाचण्याइतके शिक्षण तुमच्या आजोबांना नव्हते; तुम्हांला आहे. सुट्टीत एकदा ते सोडा. कोणत्या दाव्यात प्रश्न आहे आणि कोणत्यात नुसता राग आहे, याची एका कागदावर दोन रकान्यांत यादी करा. मूळ सातबारा, फेरफार, खरेदीखत कोठे आहे ते पाहा. मग वडिलांजवळ बसून शांतपणे विचारा, "यातले आपल्याला खरोखर काय हवे आहे?" हा प्रश्न वकिलाने विचारला तर पक्षकाराला राग येतो. मुलाने विचारला तर बाप विचार करू लागतो, असा माझा अनुभव आहे.

आणि पालकहो, मुलाने असे विचारले तर त्याला "तू लहान आहेस, तुला काय कळते" असे म्हणू नका. तो दावा पुढे त्यालाच चालवावयाचा आहे. म्हणून तो मिटवावा की नाही, हे सांगण्याचा अधिकार त्यालाही आहे.